दाढीच्या ब्रशात केस कुणाचे?

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर सलूनचं सामान मिळणाऱ्या दुकानात जाऊन दाढीचा ब्रश मागा. दुकानदार काचेवर पाच-सहा नग मांडतो. मुठी प्लास्टिकच्या, लाकडाच्या, चकचकीत मुलामा दिलेल्या; झुपके पांढरे, काळे, तपकिरी, आणि एखादा पट्ट्यापट्ट्यांचा. भाव तो न विचारता सांगतो. मग विचारा, ‘हाऊ ब्रश कसाना शे?’ इथे तो अडखळतो. ‘चांगला आहे, केस गळत नाहीत,’ एवढंच उत्तर मिळतं. ते प्रामाणिकही असतं, कारण ठोक व्यापाऱ्याने त्यालाही याहून जास्त काही सांगितलेलं नसतं. खोकं उलटंपालटं करून पाहिलं तरी कळत नाही. किंमत छापलेली, बनवणाऱ्याचा पत्ता छापलेला, महिना आणि साल छापलेलं. केस डुकराचे, घोड्याचे, आणखी कुणाचे की कारखान्यात ओढलेले, हे मात्र कुठेच नाही. क्रीमच्या ट्यूबवर हिरवा ठिपका शोधणारी घरं खानदेशात पुष्कळ आहेत. ते क्रीम ज्याने गालावर फासायचं, त्याच्याबद्दल मात्र कुणी चौकशी करत नाही.

मला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. धुळ्यातल्या सलूनच्या एकाच खुर्चीवर दिवसभरात माळकरी बसतो, महानुभाव बसतो, जैन व्यापारी बसतो आणि यंत्रमागावर काम करणारा मुसलमान कारागीरही बसतो. डुकराचे केस मुसलमानाला निषिद्ध आहेत. माळकऱ्याला आणि जैनाला कोणत्याही प्राण्याच्या जिवावर आलेली वस्तू तोंडाला लावणं नको असतं. सगळ्यांच्या गालावर फिरतो तो एकच ब्रश, आणि तो कशाचा हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. सलूनमध्ये सिंथेटिक ब्रशच असावा. घरी प्राण्याच्या केसांचा वापरायचा असेल तर तो कोणत्या प्राण्याचा, हे कळल्याशिवाय घेऊ नये. आणि पट्टेदार केसांचा निनावी ब्रश कुणीही, कुठेही, कितीही स्वस्तात घेऊ नये.

गावच्या न्हाव्याकडे ब्रश असायचाच असं नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त ज्या बलुतेदारांबद्दल लिहिलं, त्यांतल्या न्हाव्याची धोकटी डोळ्यांसमोर आणा. वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. झाडाखाली बसून तो वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवायचा आणि गिऱ्हाइकाचा गाल चोळत राहायचा. गप्पा चालू, चोळणं चालू. वेळकाढूपणा वाटावा असं ते काम खरं तर दाढीचा निम्मा भाग होतं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. तो आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. कोरडा खुंट पात्याला अडवतो, भिजलेला सहज कापला जातो. त्या न्हाव्याला केराटिन ठाऊक नव्हतं, पण गाल किती वेळ चोळायचा हे त्याच्या बोटांना पक्कं माहीत होतं.

साबण, क्रीम आणि घरच्या घरी दाढी करायचा सेफ्टी रेझर आले, तसा ब्रश मध्यमवर्गी घराच्या फळीवर स्थिरावला. जिलेटच्या रेझरचं पेटंट १९०४ सालचं. ब्रशाचं काम मोजकं पण नाजूक असतं. झुपक्यात पाणी धरून ठेवायचं, साबणात ते पाणी आणि हवा थोडी थोडी मिसळत दाट फेस करायचा, आणि गालाला चिकटून आडवे पडलेले खुंट उभे करायचे. हे तीनही ज्याला जमतं तो ब्रश चांगला. त्याला केस प्राण्याचेच लागतात, असा समज फार काळ टिकला, कारण दुसरं चांगलं काही हाताशी नव्हतं.

प्राण्यांचे केस म्हणजे मुख्यतः चार जातींचे: डुक्कर, बॅजर, घोडा आणि मुंगूस. घोड्याकडे पुढे येऊ. डुकराचे सगळ्यात स्वस्त आणि राठ. आपल्याकडे कानपूर ही या केसांच्या व्यापाराची जुनी पेठ. नवा ब्रश गालाला टोचतो आणि ओला झाला की जनावराचा वास मारतो. पण रोज वापरला तर दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक केसाचं टोक फाटून त्याला बारीक फाटे फुटतात. मग तोच ब्रश टोकाला मऊ आणि बुडाला ताठ असा होतो. इटली आणि पोर्तुगालमधले न्हावी तो आजही आवडीने वापरतात. युरोपातला महागडा ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा. हा बिळात राहणारा, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला प्राणी. त्याचा केस पाणी भरपूर धरतो, टोकाला अतिशय मऊ असतो, आणि त्याच्या प्रतींनुसार किंमत चढत जाते. हे केस मुख्यतः चीनमधून येतात. २०१८ साली प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्या ‘पेटा’ या संस्थेने तिथल्या बॅजरपालनाची दृश्यं जगापुढे आणली. लहान पिंजऱ्यांत कोंडलेले आणि दांडक्याने मारले जाणारे प्राणी पाहून काही परदेशी कंपन्यांनी हे ब्रश विकणं सोडलं. ती दृश्यं एकदा पाहिल्यावर मऊपणाचं कौतुक माझ्या मनातून उतरलं.

चौथ्या केसाची गोष्ट आपल्या बांधावरची आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, साक्री-शिरपूरच्या शेतांत मुंगूस कुणी पाहिलं नाही? सापाशी त्याचं वैर पोरासोरांना ठाऊक असतं. ते उंदीर खातं, म्हणून शेतकऱ्याचं सोबती. चित्रकलेचे आणि दाढीचे ब्रश करण्यासाठी या मुंगसाला मारलं जातं. उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रशांचं गाव, आणि मुंगसाच्या केसांच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्यांत त्याचं नाव वारंवार येतं. एका मुंगसापासून कामाचे केस इतके थोडे मिळतात की किलोभर केसांसाठी पन्नासच्या आसपास मुंगसं मारावी लागतात, असा हिशेब वन्यजीव गुन्ह्यांचा तपास करणारे मांडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, आणि २००२ मध्ये ते आणखी कडक झालं. केस बाळगणं आणि विकणं हा कैदेचा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने अनेक राज्यांत छापे घातले आणि हजारो ब्रश पकडले. मोहीम चित्रकलेच्या ब्रशांवर रोखलेली होती, पण केस तोच.

आता अडचण अशी की पट्टे पाहून ओळख पटत नाही. मुंगसाचा केस गडद आणि फिकट पट्ट्यांचा असतो. बॅजरचाही पट्टेदार. आणि कारखान्यात रंगवलेला सिंथेटिक तंतू तर बॅजरची नक्कल म्हणून मुद्दामच पट्टेदार करतात. घरी करता येईल अशी एकच परीक्षा खात्रीची आहे. झुपक्यातला एक केस चिमट्याने उपटायचा आणि काडीच्या ज्योतीत धरायचा. प्राण्याचा असेल तर जळक्या केसांचा ओळखीचा वास येतो आणि बोटात चुरडला की राख होते. सिंथेटिक असेल तर तो वितळतो, आक्रसतो आणि टोकाला कडक मणी उरतो. यावरून प्राणी कोणता ते कळत नाही. पण केस प्राण्याचा, पट्टेदार आणि खोक्यावर नाव नाही, एवढं जुळलं की ब्रश परत करावा आणि दुकानदाराला कारणही सांगावं. दहा गिऱ्हाइकांनी सांगितलं तर तो ठोक व्यापाऱ्याला विचारू लागेल.

केस कुणाचे हे न कळण्याची किंमत जगाने एकदा जिवांनी मोजली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सैनिकांच्या आणि साध्या नागरिकांच्या मानेवर, गालावर काळ्या खपलीचे फोड उठू लागले. तो अँथ्रॅक्स होता, आपले पशुपालक ज्याला काळपुळी म्हणतात तो गुराढोरांचा रोग. त्याचे बीजाणू मातीत आणि केसांत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. शोध घेतला तेव्हा धागा नव्या दाढीच्या ब्रशांपर्यंत पोचला. युद्धामुळे बॅजरच्या केसांचा नेहमीचा व्यापार विस्कटला होता, आणि पूर्वेकडून आलेले घोड्याचे केस बॅजरची नक्कल म्हणून ब्रशांत भरले जात होते. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. दाढी करताना पडलेल्या बारीक खरचटीतून बीजाणू थेट शरीरात शिरत. १९१५ ते १९२४ या काळात अशा दोनशेहून जास्त रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले अनेक दगावले. ब्रिटनने १९२० मध्ये जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. घेणाऱ्याला वाटत होतं आपण बॅजरचा ब्रश घेतला. त्याच्या हातात होता घोड्याचा, आणि तो कोणत्या मुलखातल्या कोणत्या जनावराचा, हे दुकानदारालाही माहीत नव्हतं. आज नीट निर्जंतुक करून तयार केलेल्या केसांत हा धोका राहत नाही. पण निनावी मालाचा धोका काय असतो, हे त्या दहा वर्षांनी पुरतं दाखवून दिलं.

सलूनच्या खुर्चीचा प्रश्न याहून रोजचा आहे. नव्वदच्या दशकात एड्सची जागृती झाली, आणि दगडावर धार लावलेला वस्तरा जाऊन प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी पत्ती आली. आता खुर्चीवर बसणारा गडीमाणूससुद्धा ‘पत्ती नवी घाल रे’ म्हणतो. ब्रशबद्दल मात्र कुणी बोलत नाही. पत्ती बदलते आणि तोच ओला ब्रश एका गालावरून दुसऱ्या गालावर जातो. दाढीच्या मुळांशी पू धरणारे फोड, नायटा, हे त्वचेचे त्रास अशा सामायिक सामानातून पसरतात. गेल्या काही वर्षांत औषधाला दाद न देणाऱ्या नायट्याने देशभरचे त्वचारोगतज्ज्ञ हैराण आहेत, आणि खानदेशातल्या घामाच्या उन्हाळ्यात तो आणखी फोफावतो. करोनात राज्य सरकारने २८ जून २०२० पासून सलून उघडायला परवानगी दिली ती केस कापायला. दाढीला नाही, कारण तिथे चेहऱ्याशी चेहरा येतो. नाभिक बांधवांचे ते महिने फार हालाखीचे गेले. तेव्हा आलेले एकदाच वापरायचे कापड आणि सॅनिटायझर बऱ्याच दुकानांत अजून टिकून आहेत. ब्रश तेवढा आधीच्याच वळणावर गेला.

इथे प्राण्याचा केस हरतो. तो उकळत्या पाण्यात टाकला तर खराब होतो, जंतुनाशकात रोज बुडवला तर ठिसूळ होतो, आणि ओला झाल्यावर वाळायला रात्र लागते. सलूनला दोन गिऱ्हाइकांमध्ये पाच मिनिटं मिळतात. सिंथेटिक तंतू पाणी आत घेत नाही. झटकला, कपड्यावर फिरवला की जवळजवळ कोरडा. जंतुनाशकाच्या पाण्यात ठेवला तरी त्याचं बिघडत नाही. एका खुर्चीला चार ब्रश ठेवले, एक हातात आणि तीन औषधाच्या पाण्यातून निघून वाळत, तर प्रत्येक गालाला स्वच्छ ब्रश मिळतो. चार सिंथेटिक ब्रशांचा खर्च सलूनवाल्याला जड नाही. गिऱ्हाइकाने त्यासाठी दाढीला पाच-दहा रुपये जास्त मोजावेत, एवढं मला रास्त वाटतं.

खानदेशाचं पाणी आणि हवाही त्याच बाजूने कौल देतात. बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावतं आणि फेसाऐवजी पांढरट साय धरते, ती भांड्याला चिकटते, ब्रशाच्या बुडाशी साचते. डुकराचा केस स्वतःच पाणी पितो, साबणही पितो, म्हणून जड पाण्यात त्याला क्रीम जास्त लागतं. सिंथेटिकवर थोडं क्रीम घेतलं तरी फेस लवकर उभा राहतो, आणि धुवायला तांब्याभर पाणी पुरतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या मोहल्ल्यांत हा हिशेब घरची बाई आधी करते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो तेव्हा लाकडी मूठ तडकते आणि झुपक्याचा गोंद सुटू लागतो. पावसाळ्यात न वाळलेल्या केसांना कुबट वास येतो. आणि महिनाभर ब्रश कपाटात पडून राहिला तर कसर लागते. लोकर खाणारी तीच कसर ब्रशातले केस कुरतडते, कारण दोन्हींत केराटिनच. सिंथेटिकला ती तोंड लावत नाही.

सिंथेटिक म्हणजे खरखरीत नायलॉन, ही जुन्या माणसांची तक्रार एके काळी खरी होती. नायलॉनचा पहिला बाजारी उपयोगच १९३८ मध्ये दात घासायच्या ब्रशांत झाला, आणि दातांना पुरे पडलेला तो ताठ तंतू गालाला बोचायचा. आजचे चांगले दाढीचे ब्रश पीबीटी जातीच्या पॉलिस्टरचे असतात. नायलॉन थोडंफार पाणी शोषतं, हे जवळजवळ शोषतच नाही. प्राण्याच्या केसाचं टोक निसर्गतः निमुळतं असतं. म्हणून चांगला ब्रश बनवताना केस सहसा टोकाकडून कापत नाहीत, बुडाकडून कापून गोंदात बसवतात. कारखान्यात तेच निमुळतेपण आणायला तंतूंची टोकं कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात बुडवतात. टोक विरघळत जातं, बारीक होतं, आणि गालाला ते रेशमासारखं लागतं. हा शोध लागल्यावर मऊपणाचा प्रश्नच उरला नाही.

जळगावला हे तंत्र परकं नाही. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९८० च्या सुमारास पीव्हीसी पाइपांचा जो धंदा उभा केला, त्यातून जळगावची प्लास्टिकशी ओळख झाली. एमआयडीसीतल्या चटयांच्या कारखान्यांत प्लास्टिकचे दाणे वितळवून, साच्याच्या बारीक भोकांतून दाबून, थंड पाण्यातून ओढून पट्ट्या आणि तंतू काढले जातात. कच्चा माल वेगळा, जाडी वेगळी, पण ब्रशाचा तंतू निघतो तो याच रीतीने. टोक निमुळतं करायची एक पायरी वाढवली तर जळगावच्या कारागिरांना दाढीच्या ब्रशाचा तंतू का काढता येऊ नये? तंतू बाहेरून आणून त्याला इथलं खोकं घालण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. प्लास्टिकचा माझा पक्ष आंधळा नाही. सिंथेटिक ब्रश मातीत कुजत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी फेकायचे स्वस्त ब्रश कचऱ्याचे ढीग वाढवतात. म्हणून घ्यायचा तो सात-आठ वर्षं चालेल असा, गोंद नीट बसलेला. दुकानात झुपका बोटांत धरून हलका ओढावा, दोन-चार केस हाती आले तर ठेवून द्यावा.

घरी, एकट्याने, सावकाश दाढी करणाऱ्याची गोष्ट वेगळी. ज्याला डुकराच्या केसांची अडचण नाही आणि ब्रशाला तयार व्हायला महिनाभर द्यायची तयारी आहे, त्याने तो जरूर वापरावा. आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजत ठेवावा, नंतर जास्तीचं पाणी झटकावं. वापरून झाला की साबण पुरता धुऊन, खुंटीला झुपका खाली करून टांगावा. महिन्यातून एकदा पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्यात ठेवला की जड पाण्याची साय सुटते. तो ब्रश दुसऱ्या कुणाच्या गालाला लावायचा नाही, इतकी एक अट.

ज्याला प्राण्याचा केस हवा पण जीव जायला नको, त्याच्यासाठी घोडा आहे. शेपटीचे आणि आयाळीचे केस कापून घेता येतात, जनावराला इजा होत नाही. स्पेनमध्ये असे ब्रश अजून बनतात. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेलं हे गाव आता नंदुरबारमध्ये आहे. देशभरचे घोडे तिथे विकायला येतात, त्यांची आयाळ विंचरली जाते, शेपट्या छाटल्या जातात, आणि खाली पडलेल्या केसांना कुणी विचारत नाही. ते गोळा करून, गरम पाण्याने आणि वाफेने नीट शुद्ध करून ब्रशात भरले, तर खोक्यावर अभिमानाने छापता येईल: घोड्याचे केस, सारंगखेडा. आणि तसं छापणं सगळ्यांनाच बंधनकारक व्हावं. पॅकबंद वस्तूंच्या नियमांत किंमत, वजन किंवा नग, महिना आणि उत्पादकाचा पत्ता द्यावा लागतो. त्याच ओळीत ‘केस: डुक्कर’, ‘केस: घोडा’ किंवा ‘केस: सिंथेटिक’ एवढे दोन शब्द वाढवायला जागा आहे, शाई आहे. ग्राहक पंचायतीने आणि नाभिक समाजाच्या संघटनांनी मिळून हे मागावं. ब्रश रोज हातात धरणारा आणि तो रोज गालावर घेणारा, दोघांचंही त्यात सारखंच हित आहे.